सल्फर डायऑक्साइडच्या मदतीने पाण्यातून हायड्रोजन: ०.६ व्होल्टचा हिशोब आणि लॅबमधला सेल

मुंबईतल्या एका कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या गटाचा प्रश्न आहे. पाण्याच्या नेहमीच्या इलेक्ट्रोलिसिसला १.८ ते २ व्होल्ट लागतात, पण सल्फर डायऑक्साइड वापरला तर ०.६ व्होल्टमध्ये हायड्रोजन मिळतो असं त्यांनी वाचलंय. हे खरं आहे का? प्रोजेक्ट म्हणून छोटा सेल बांधता येईल का? आणि चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्यांमधून एवढं गंधक निघत असताना इथे हे कोणी करत का नाही?

आधी एक गल्लत दूर करू. शाळेतल्या हॉफमन व्होल्टामीटरमध्येही आपण पाण्यात सल्फ्युरिक ॲसिड घालतो, पण तिथे ते फक्त वीज वाहून नेण्यासाठी असतं. ते खर्च होत नाही आणि व्होल्टेजही कमी करत नाही. तुम्ही म्हणताय ती प्रक्रिया वेगळी. साध्या सेलमध्ये ॲनोडवर, म्हणजे धन टोकावर, पाण्यातून ऑक्सिजन ओढून काढावा लागतो आणि वीज खाणारं खरं काम तेच असतं. सल्फर डायऑक्साइड ॲनोडवर सोडला की ऑक्सिजन सुटतच नाही. एक रेणू सल्फर डायऑक्साइड आणि दोन रेणू पाणी मिळून एक रेणू सल्फ्युरिक ॲसिड बनतं, आणि सुटलेले दोन प्रोटॉन मेम्ब्रेनमधून, म्हणजे सेलच्या मधल्या पातळ पडद्यातून, पलीकडे जाऊन कॅथोडवर (ऋण टोकावर) हायड्रोजन होतात. म्हणजे ऑक्सिजन बाहेर पडण्याऐवजी ॲसिडमध्ये बांधला जातो.

त्यामुळे सैद्धांतिक व्होल्टेज १.२३ वरून सुमारे ०.१६ वर येतं. पण हा आकडा प्रमाण स्थितीतला. ॲसिड जसजसं तीव्र होतं तसा तो चढतो आणि ५० टक्के ॲसिडला ०.३ च्या जवळ पोचतो. प्रत्यक्ष सेलमध्ये त्यावर ॲनोडचा तोटा, मेम्ब्रेनचा रोध आणि जोडण्यांचा रोध चढतो. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर नॅशनल लॅबोरेटरीने डोळ्यांसमोर ठेवलेलं उद्दिष्ट ५०० मिलिअँपियर प्रति चौ. सेंमीला ०.६ व्होल्ट असं होतं, तेही १०० अंशांच्या वर आणि दाबाखाली. तुम्ही वाचलेला ०.६ बहुधा हाच. कॉलेजच्या टेबलावर, साध्या तापमानाला, त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या प्रवाहाला ०.६५ ते ०.८५ व्होल्ट मिळाले तर सेल उत्तम चाललाय असं समजा.

आता विजेचा हिशोब. एक किलो हायड्रोजनला २६.६ हजार अँपियर-तास लागतात. यात सवलत नाही, पद्धत कुठलीही असो. म्हणून सेलच्या व्होल्टेजला २६.६ ने गुणलं की किलोमागे किती युनिट वीज लागेल ते थेट कळतं: १.९ व्होल्टला ५०.५ युनिट, ०.७ व्होल्टला १८.६ युनिट. फरक प्रचंड आहे आणि खरा आहे.

पण त्याच एक किलो हायड्रोजनमागे ३१.८ किलो सल्फर डायऑक्साइड आणि १७.९ किलो पाणी खर्च होतं, आणि ४८.६ किलो सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं. सेलमधून हायड्रोजन निघतो हे खरं असलं, तरी वजनाने पाहिलं तर हा ॲसिडचा कारखाना आहे आणि हायड्रोजन त्याचं उपउत्पादन. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर या एका आकड्यात आहे. या ॲसिडचं पुढे काय, हे ठरल्याशिवाय ०.६ व्होल्टला काही अर्थ नाही.

पहिला मार्ग म्हणजे ॲसिड परत फोडायचं. १९७० च्या दशकात वेस्टिंगहाउसने मांडलेलं हायब्रिड सल्फर चक्र ते हेच. ॲसिड तापवून पाणी आणि सल्फर ट्रायऑक्साइड वेगळे करायचे, मग ८०० ते ८५० अंशांवर उत्प्रेरकावरून नेऊन ट्रायऑक्साइडमधून ऑक्सिजन सोडवायचा आणि उरलेला डायऑक्साइड परत सेलकडे पाठवायचा. गंधक फिरत राहतं, खर्च फक्त पाणी होतं. ऐकायला सुरेख. पण निर्जल ॲसिड फोडायलाच एका मोलमागे २७५ किलोज्यूल लागतात, म्हणजे एक किलो हायड्रोजनमागे ३८ युनिटांइतकी उष्णता, तीही इतक्या उच्च तापमानाची. शिवाय सेलमधून ॲसिड निर्जल येत नाही. ५० टक्क्यांचं आलं तर त्यात ॲसिडच्या वजनाइतकंच, ४८-४९ किलो पाणी असतं. ते उडवायला आणखी ३० युनिटांच्या घरात उष्णता जाते. त्यातली बरीच परत मिळवता येते, पण सगळी कधीच नाही. वीजबिल निम्म्यावर आलं म्हणून खूश व्हायचं आणि गॅसचं बिल पाहायचंच नाही, असा हा प्रकार होतो.

म्हणून हे चक्र नेहमी एखाद्या फुकट किंवा स्वस्त उच्च-तापमान स्रोताशी जोडूनच मांडलं जातं: वायूने थंड होणारी अणुभट्टी किंवा आरशांनी तापवलेला सौर मनोरा. जर्मनीत डीएलआर या संस्थेने ॲसिड फोडण्याचं काम सौर उष्णतेवर केलं. अमेरिकेत सँडियाच्या प्रयोगशाळेने त्यासाठी सिलिकॉन कार्बाइडचा रिॲक्टर बनवला, कारण उकळतं सल्फ्युरिक ॲसिड आणि ८५० अंश एकत्र आले की सर्वसाधारण धातू टिकत नाहीत. इटलीत इस्प्राच्या युरोपीय केंद्राने १९७८ मध्ये तासाला १०० लिटर हायड्रोजन देणारी बंद साखळी चालवून दाखवली होती, पण तिच्यात ब्रोमीन होता: वीज सल्फर डायऑक्साइडवर नाही, हायड्रोब्रोमिक ॲसिडवर खर्च होत होती.

आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात आयोडीन-सल्फर चक्रावर काम झालंय. तुम्ही संदर्भ शोधाल तेव्हा ते आणि हे एकत्र करू नका. आयोडीन-सल्फरमध्ये इलेक्ट्रोलिसिस नसतंच. तिथे आयोडीन, सल्फर डायऑक्साइड आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि हायड्रोजन हायड्रोआयोडिक ॲसिड तापवून मिळतो. ॲसिड फोडायची पायरी तेवढी दोन्हीकडे सारखी. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुन्या लोकांच्या यूडीसीटीत, ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर झालेलं काम तिसऱ्याच चक्रावर आहे, तांबे-क्लोरीन. त्यात इलेक्ट्रोलिसिस आहे, पण गंधक नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ॲसिड परत न फोडता विकायचं. माहुलच्या रिफायनऱ्यांतलं गंधक जाळायचं, सेलमध्ये पाठवायचं, हायड्रोजन रिफायनरीला द्यायचा, ॲसिड खतवाल्यांना. कागदावर हे छान जुळतं. अडचण अशी की सेलमधून येणारं ॲसिड ३० ते ५० टक्क्यांचं असतं, आणि बाजार ९८ टक्क्यांचा आहे. पातळ ॲसिड मागणारा सुपर फॉस्फेटवालासुद्धा ७० टक्क्यांच्या आसपासचं वापरतो. दिवसाला फक्त १०० किलो हायड्रोजन काढणारं छोटं युनिट धरलं तरी रोज जवळपास दहा टन ५० टक्के ॲसिड निघेल, म्हणजे दाराशी रोज एक टँकर. त्यातून उरलेला सल्फर डायऑक्साइडही आधी काढावा लागतो. आणि मुख्य म्हणजे तेच गंधक ॲसिड बनवण्याच्या नेहमीच्या काँटॅक्ट प्रोसेसमध्ये घातलं तर थेट ९८ टक्के ॲसिड मिळतं, वर वाफ फुकट. त्या वाफेवर टर्बाइन चालतं. सेलमध्ये मात्र ती उष्णता मिळत नाही, उलट वीज घालावी लागते. म्हणून ॲसिड परत न फोडणाऱ्या या उघड्या साखळीचं गणित फक्त तिथेच बसतं जिथे पातळ ॲसिड कुंपणाच्या आतच खपतं. अशा जागा आहेत, पण मोजक्या.

चिमणीतल्या धुराचा सल्फर डायऑक्साइड वापरता येईल का, हेही नेहमी विचारलं जातं. थेट नाही. धुरात तो दशलक्ष भागांत काहीशे ते दीड-दोन हजार भाग एवढाच असतो आणि बरोबर भरपूर ऑक्सिजन, धूळ, नायट्रोजनची ऑक्साइडं. आधी शोषून गाढ करावा लागतो, आणि तो खर्च वाचलेल्या विजेला गिळतो. ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रात तो समुद्राच्या पाण्याने धुतात, आणि किनाऱ्यावरच्या केंद्राला तेच स्वस्त पडतं.

इतकं असूनही प्रोजेक्ट म्हणून हा विषय चांगला आहे, कारण सेल छोटा बांधता येतो आणि प्रत्येक आकडा हाताने तपासता येतो. एक अट मात्र ठाम: चालू फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर खेचणारं काचेचं कपाट) नसेल तर हा प्रयोग करू नका. हूडची काच खाली करून आत उदबत्ती धरा. धूर सरळ आत खेचला गेला पाहिजे. नुसता पंख्याचा आवाज पुरेसा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आठ तासांसाठी २ पीपीएम (दशलक्ष भागांत दोन भाग) आणि थोड्या वेळासाठी ५ पीपीएम होती, १०० पीपीएमला जिवाला धोका. गटात कुणाला दमा असेल तर त्याने हिशोबाची आणि मोजमापाची बाजू सांभाळावी. थोडा गॅसही त्याचा श्वास अडकवू शकतो.

सेल १० चौ. सेंमीचा घ्या. त्याहून लहान घेतला तर कडांच्या गळतीत आकडे बुडतात, मोठा घेतला तर प्लॅटिनमचा खर्च झेपत नाही. मध्ये नॅफिऑन या प्रोटॉन वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकची मेम्ब्रेन, ११५ किंवा ११७ जातीची. पातळ २१२ ने रोध कमी होतो, पण सल्फर डायऑक्साइड पलीकडे जाणं वाढतं, आणि या सेलचा खरा शत्रू तोच आहे. दोन्ही बाजूंना प्लॅटिनम-कार्बन लावलेला कार्बन पेपर, चौ. सेंमीला ०.५ ते १ मिलिग्रॅम प्लॅटिनम. त्याबाहेर वळणदार खाचा कोरलेल्या ग्रॅफाइट प्लेट, मग सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कलेक्टर प्लेट, आणि शेवटी जाड एंड प्लेट. एंड प्लेट स्टीलची चालेल, पण ॲसिड तिला कुठेही लागता कामा नये. एसएस ३१६ वर भरवसा ठेवू नका, सल्फर डायऑक्साइड असलेलं ३० टक्के ॲसिड ते खातं आणि सुटलेलं लोखंड-निकेल मेम्ब्रेनमध्ये जाऊन बसतं. नळ्या आणि फिटिंग टेफ्लॉनच्या, ओ-रिंग व्हायटॉनच्या. पेरिस्टाल्टिक पंपात सिलिकॉनची नळी घातली तर ती ॲसिडमध्ये लवकर चिरते आणि नेमकी प्रयोग रंगात आल्यावर फुटते.

गॅस्केटची जाडी हा भाग बहुतेक जण अंदाजाने करतात आणि मग सेल एकतर गळतो किंवा रोध दाखवतो. कार्बन पेपर ०.२८ मिलिमीटरचा असेल तर त्याच्या बाजूचं टेफ्लॉन गॅस्केट ०.२२ चं हवं, म्हणजे आवळल्यावर पेपर पाचव्या हिश्श्याने दाबला जातो. गॅस्केट जाड झालं तर पेपर प्लेटला नीट टेकत नाही, फार पातळ झालं तर पेपर चिरडून त्याचे तंतू मेम्ब्रेन भोसकतात. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांत, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने साधारण ४ न्यूटन-मीटरपर्यंत.

मेम्ब्रेन आधी तयार करून घ्या: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ८० अंशांना तासभर, मग डीआय (आयन काढून टाकलेल्या) पाण्यात तासभर, मग अर्ध्या मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तासभर, परत डीआय पाण्यात. चिमटा प्लॅस्टिकचा. पाणी खरोखर डीआय हवं, कंडक्टिव्हिटी १ मायक्रोसिमेन्सच्या आत. टीडीएस मीटर शून्य दाखवतो म्हणून बॅटरीचं पाणी चालेल असं नाही, एवढं कमी त्या मीटरला दिसतच नाही. ॲसिडही एआर ग्रेडचंच, म्हणजे विश्लेषणासाठीचं शुद्ध, घ्या. बॅटरीच्या ॲसिडमध्ये लोखंड असू शकतं.

ॲनोडसाठी ३० टक्के ॲसिड, २०० मिलि. त्यासाठी १६९ ग्रॅम पाण्यात ९८ टक्क्यांचं ७४.६ ग्रॅम, म्हणजे साधारण ४१ मिलि ॲसिड, बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या बीकरमध्ये ढवळत थेंबाथेंबाने. ॲसिड पाण्यात, उलटं कधीही नाही. गार झाल्यावर २० अंशांना घनता १.२२ च्या जवळ आली पाहिजे. याहून पातळ ॲसिड घेतलं तर व्होल्टेज थोडं खाली येतं, पण द्रवाचा रोध वाढतो. याहून तीव्र, ५० टक्क्यांच्या पुढे गेलात की ॲसिड नॅफिऑनमधलं पाणी ओढून घेतं आणि मेम्ब्रेन वीज वाहायला कुरकुरते. म्हणूनच तीव्र ॲसिड आणि १०० अंशांच्या वरचं तापमान साधण्यासाठी संशोधक ॲसिड मुरवलेल्या पॉलिबेन्झिमिडाझोल मेम्ब्रेनकडे वळले. तिला वीज वाहायला पाणी फारसं लागत नाही.

सल्फर डायऑक्साइडचा सिलिंडर कॉलेजात आणू नका. सोडियम मेटाबायसल्फाइटची भुकटी, ज्याला बाजारात एसएमबीएस म्हणतात, आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिड पुरेसं आहे. १०० ग्रॅम भुकटीतून ६७ ग्रॅम गॅस निघतो. या सेलला एका दिवसाच्या कामासाठी २० ग्रॅम खूप झाली: फ्लास्कमध्ये भुकटी, वर ड्रॉपिंग फनेलमध्ये ३० टक्के ॲसिड ६० मिलि, थेंब-थेंब सोडायचं. शेवटी फ्लास्क किंचित गरम केला की विरघळलेला गॅसही निघून येतो. डबा पावसाळ्यात उघडा राहिलेला असेल तर भुकटीचे खडे होतात आणि अर्धा गॅस आधीच उडालेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये नवीन सीलबंद डबाच घ्या.

इथे एक मोह होतो: वेगळा फ्लास्क कशाला, एसएमबीएस सरळ ॲनोडच्या ॲसिडमध्येच टाकू. असं केलं तर पहिली पंधरा मिनिटं सगळं छान चालतं आणि मग व्होल्टेज हळूहळू चढत जातं, आणि खाली येत नाही. कारण सोडियम. नॅफिऑनमध्ये प्रोटॉनच्या जागा सोडियम पटकावतो, आणि सोडियम भरलेल्या मेम्ब्रेनचा रोध कित्येक पट जास्त असतो. म्हणून गॅस वेगळा बनवायचा, थोड्या डीआय पाण्याच्या एका बाटलीतून धुवून घ्यायचा म्हणजे फ्लास्कमधले तुषार पुढे जाणार नाहीत, आणि मगच ॲनोडच्या टाकीत सोडायचा. सोडियम आधीच शिरला असेल तर सेल उघडून मेम्ब्रेन परत अर्ध्या मोलर ॲसिडमध्ये गरम करा. बहुतेक वेळा ती सुधारते.

टाकीतून बाहेर पडणारा गॅस दोन कॉस्टिकच्या बाटल्यांतून जाऊ द्या, दहा टक्के सोडियम हायड्रॉक्साइड. एक ग्रॅम सल्फर डायऑक्साइडला सव्वा ग्रॅम कॉस्टिक लागतं. टाकी आणि पहिल्या कॉस्टिकच्या मध्ये एक रिकामी बाटली हवीच. सल्फर डायऑक्साइड कॉस्टिकमध्ये इतक्या झपाट्याने शोषला जातो की गॅसचा प्रवाह कमी पडताच कॉस्टिक उलटं ओढलं जातं, आणि रिकामी बाटली नसेल तर ते थेट ॲसिडमध्ये येऊन पडतं.

तापमान वाढवावं का? वाढवलं तर ॲनोडची गती सुधारते, पण विरघळलेला सल्फर डायऑक्साइड उडतो. ३० अंशांच्या पाण्यात तो १०० ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम विरघळतो, ॲसिडमध्ये त्याहून कमी, आणि तापमान चढेल तसा आणखी घटतो. दाब देता येत नसेल तर ३० ते ३५ अंशांवरच थांबा. एप्रिल-मेमध्ये मुंबईतली लॅब तशीही तिथे असते.

आता पॉवर सप्लाय. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा ३० व्होल्ट ५ अँपियरचा चालेल, पण त्याच्या पडद्यावरचं व्होल्टेज लिहून घेऊ नका. दीड मीटरच्या एक चौ. मिमी तांब्याच्या तारेचा रोध ०.०२६ ओहम. दोन तारा, दोन क्रोकोडाइल क्लिप आणि त्यांवरचा गंज धरला तर एका अँपियरला सहज ०.१ व्होल्ट वाटेतच जातो. १२ व्होल्टच्या कामात हे कुणी बघत नाही. इथे सगळा सेलच ०.७ चा आहे, म्हणजे सातवा हिस्सा तारेत गेला. मल्टिमीटरच्या वेगळ्या दोन तारा थेट ग्रॅफाइट प्लेटला लावा, आणि वाचन तिथलंच घ्या. सप्लायवर करंट १ अँपियरला आणि व्होल्टेजची मर्यादा १ व्होल्टला बांधा. ही मर्यादा महत्त्वाची आहे. सल्फर डायऑक्साइड संपला, पंप अडला किंवा खाचेत बुडबुडा बसला की करंट कायम ठेवण्यासाठी सप्लाय व्होल्टेज वर चढवतो. १.२ च्या पुढे कार्बन पेपर आणि प्लॅटिनमखालचा कार्बन झिजायला लागतात आणि काही मिनिटांत ॲनोड कायमचा खराब होतो. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर किंवा सोलर पॅनेल थेट जोडणं म्हणजे ॲनोड जाळणंच.

सुरू करायचा क्रमही ठरलेला. आधी कॅथोडला डीआय पाणी फिरवा आणि नायट्रोजनने बाजू धुवून घ्या. ॲनोडला साधं ३० टक्के ॲसिड मिनिटाला ४० मिलिच्या आसपास फिरवा. सप्लाय चालू करा. करंट जवळजवळ शून्य दिसेल, तसाच असू द्या. मग टाकीत सल्फर डायऑक्साइड सोडा. तो पोचेल तसा करंट आपोआप चढतो, एक अँपियरला अडकतो, आणि मग व्होल्टेज खाली सरकायला लागतं. हा उलटा वाटणारा क्रम अशासाठी की करंट नसताना सल्फर डायऑक्साइड सेलमध्ये उभा राहता कामा नये.

कारण तो मेम्ब्रेनमधून पलीकडे जातो. कॅथोडवर प्लॅटिनम आहे, हायड्रोजन आहे, आणि तिथे तो हायड्रोजन सल्फाइड होतो. तो हायड्रोजन सल्फाइड आणि नव्याने आलेला सल्फर डायऑक्साइड भेटले की गंधक बनतं, रिफायनरीतल्या गंधक काढणाऱ्या क्लॉस युनिटसारखंच, पण नको तिथे. मेम्ब्रेन आणि कॅथोड यांच्या मधोमध गंधकाचा थर साचतो आणि त्यातून प्रोटॉन जाऊ शकत नाहीत. दर तासाला व्होल्टेज थोडं थोडं चढताना दिसलं, आणि कॅथोडच्या पाण्याला दुधाळ झाक आली, तर दुसरं कारण शोधू नका. निकास नळीवर लेड ॲसिटेटचा ओला कागद धरा. काळा पडला की हायड्रोजन सल्फाइड आहे. नाकावर विसंबू नका, हा गॅस जास्त असला तर नाक बधिर करतो. उपाय कॅथोडकडचे: पाण्याचा प्रवाह वाढवा म्हणजे पलीकडे आलेला सल्फर डायऑक्साइड वाहून जाईल, कॅथोडचा दाब ॲनोडपेक्षा किंचित वर ठेवा म्हणजे पाणी ॲनोडकडे ढकललं जाईल, मेम्ब्रेन जाड वापरा. साचलेला थर परत विरघळत नाही. सेल उघडावा लागतो.

व्होल्टेज सुरुवातीपासूनच जास्त असेल, समजा ०.९, तर आधी तोटा कुठे आहे ते वेगळं करा. नॅफिऑन ११५ चा स्वतःचा रोध १०० मिलिअँपियर प्रति चौ. सेंमीला जेमतेम १५ ते ३० मिलिव्होल्ट खातो, कॅथोड त्याहूनही कमी. सैद्धांतिक व्होल्टेज पाव व्होल्टच्या घरात. उरलेला सगळा, म्हणजे तीन-चार दशांश व्होल्ट, एकट्या ॲनोडचा असतो. प्लॅटिनमवर सल्फर डायऑक्साइडचं ऑक्सिडेशन नीट सुरू व्हायलाच ०.५-०.६ व्होल्ट लागतात, हे मूळचंच दुखणं आहे. सोनं या कामात प्लॅटिनमपेक्षा सरस ठरल्याचे निष्कर्ष आहेत, पॅलेडियम मात्र अशा ॲसिडमध्ये विरघळतं. पटकन करायची चाचणी: करंट एकदम बंद करा आणि व्होल्टेज पाहा. क्षणात जो भाग पडतो तो रोधाचा, म्हणजे गॅस्केट, बोल्ट, सोडियम यांपैकी काहीतरी. जो हळूहळू ओसरतो तो ॲनोडचा. साध्या मल्टिमीटरला तो पहिला क्षण पकडता येत नाही, ऑसिलोस्कोप लावा.

हायड्रोजनचं माप पाण्याच्या उलट्या नळीत घ्या. एका अँपियरला दहा मिनिटांत, ३० अंशांना, वाफेसकट, ८१ मिलि जमले पाहिजेत. ७० च आले तर एकतर गळती आहे किंवा करंटचा काही भाग सल्फर डायऑक्साइड तोडण्यात जातोय. ८५ आले तर सेल थोर नाही, तुमचा अँपियरमीटर चुकतोय. नळी भरली की वायू हूडमध्येच सोडा, आसपास बर्नर नको. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेटतो.

सल्फर डायऑक्साइड किती उरला हे आयोडीनच्या टायट्रेशनने कळतं: ०.१ नॉर्मल आयोडीनच्या प्रत्येक मिलिला ३.२ मिलिग्रॅम. एका अँपियरला तासाला १.२ ग्रॅम घटला पाहिजे. त्याहून बराच जास्त घटला तर तो टाकीतून उडतोय, ॲनोडवर खर्च होत नाहीये. तयार झालेलं ॲसिड, तासाला १.८ ग्रॅम, कॉस्टिकच्या टायट्रेशनने मोजा. पण नमुन्यातून आधी नायट्रोजन सोडून सगळा सल्फर डायऑक्साइड हाकला, नाहीतर तोही ॲसिड म्हणून मोजला जातो आणि उत्पादन शंभर टक्क्यांच्या वर निघाल्याचं दिसतं. अहवालात असे आकडे फार सापडतात.

बंद करताना आधी गॅस तोडा, मग टाकीत नायट्रोजन सोडत राहा आणि सप्लाय चालूच ठेवा. करंट ५० मिलिअँपियरच्या खाली उतरला की मगच सप्लाय बंद. त्यानंतर ॲनोडची बाजू डीआय पाण्याने धुवा आणि सेल दोन्हीकडे डीआय पाणी भरून बुच लावून ठेवा. मेम्ब्रेन कोरडी पडली तर आकसून कडेला फाटते. वापरलेलं ॲसिड फेकू नका, दुसऱ्या दिवशी तेच ॲनोडला चालतं. प्रोजेक्ट संपल्यावर टाकायचंच असेल तर २०० मिलिला ५५ ते ६० ग्रॅम विझवलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) लागतो, आधी पाच-सहा पट पाण्यात ओतून, हूडमध्ये, हळूहळू. कॉस्टिकच्या बाटल्यांत सल्फाइट असतं, त्या आणि ॲसिड एकाच बेसिनमध्ये ओतले तर सगळा सल्फर डायऑक्साइड परत बाहेर येतो.